तो आवाज भावोजींचाच होता

माझे भावोजी प्रसिद्ध आहेत असं मी कोणाला सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग त्यांच्याकडे. भावोजी तेव्हा बहुतेक कोपऱ्यात बसून चहा फुंकत असतात. पोट सुटलेलं, केस मागे सरकलेले, नखांत ग्रीस. "कशात प्रसिद्ध?" लोक विचारतात. मी "गाण्यात" म्हटलं, की एखादा हौशी हमखास म्हणतो, "अरे वा, मग होऊन जाऊ दे!" भावोजी घशाकडे बोट दाखवून हसतात. ताई उगाचच उठून स्वयंपाकघरात जाते आणि विषय तिथेच संपतो.

ते हेवी मेटल गायचे. आमच्या आईच्या मते ओरडायचे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कान किटवणाऱ्या गिटारी असतात, धडाधड ड्रम वाजत असतात आणि त्यावर एक माणूस पोटातून गुरगुरत असतो. शब्द कळत नाहीत आणि कळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. या गुरगुरण्यात जो जास्त खोल जाईल तो मोठा. आमचे भावोजी इतके खोल जायचे, की ऐकणारी पोरं त्यांना 'पाताळ' म्हणायची. पोस्टरवर छापलेलं नावही तेच. आता प्रसिद्धी केवढी म्हणाल, तर हे संगीत ऐकणारे गावातले सगळे लोक एका हॉलमध्ये मावायचे आणि मागच्या खुर्च्या रिकाम्याच राहायच्या. पण त्या हॉलमध्ये भावोजी राजा होते, एवढं मात्र खरं.

हा आवाज त्यांना एका चुकीतून मिळाला. शाळा सुटायच्या सुमारास त्यांच्या एका मित्राने त्यांना परदेशी बँडची कॅसेट उतरवून दिली. या मित्राला सगळे लंबू म्हणतात, कारण तो जेमतेम माझ्या खांद्याला लागतो. भावोजींकडे काकांनी टाकून दिलेला एक टेपरेकॉर्डर होता. त्याच्या आतला रबरी पट्टा सैल पडला होता, त्यामुळे टेप हळू फिरायची आणि गाणारा माणूस होता त्याहून कितीतरी खोल ऐकू यायचा. पोराला काय माहीत! त्याला वाटलं, माणसं असंच गातात. आपल्यालाही असंच गायचंय, असं त्याने ठरवून टाकलं आणि रोज तोंडावर उशी दाबून तो त्या बिघडलेल्या मशीनची नक्कल करायला लागला. घरच्यांना वाटायचं, पोराचं पोट बिघडलंय.

पुढे कधीतरी त्यांनी तीच कॅसेट लंबूच्या घरी ऐकली आणि म्हणाले, "तुझं मशीन बिघडलंय रे, पळतंय." लंबू म्हणाला, "तुझं बिघडलंय." दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी दोन्ही टेपरेकॉर्डर उचलून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने भावोजींचं मशीन उघडलं आणि तो लोंबणारा पट्टा बोटाने उचलून दाखवला. लंबू हसून हसून लोळायचा बाकी राहिला. भावोजींचा चेहरा पडला. बिचाऱ्याने म्हटलं, "पण मला तर येतं," आणि तिथेच, काउंटरला टेकून, जसं शिकले होते तसं गाऊन दाखवलं. लंबूचं हसू जागच्या जागी थांबलं. ही हकीगत मला स्वतः लंबूने सांगितली, ताईच्या लग्नाच्या दिवशी, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हा त्याला खरं बोलता येत होतं.

पोट भरायला भावोजी लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक झाले. दिवसभर इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनरूममध्ये नाहीतर खालच्या खड्ड्यात. त्यांना तर सोन्याहून पिवळं झालं, कारण लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत आवाज असा घुमायचा की कुठल्या स्टुडिओत घुमणार नाही. जेवणाच्या सुट्टीत वरून आत वाकायचे आणि सुरू व्हायचे. खाली राहणारे लोक कंपनीला फोन करायचे, तुमच्या लिफ्टमधून भयंकर आवाज येतोय, केबल तुटणार बहुतेक. कंपनी ताबडतोब मेकॅनिक पाठवायची. मेकॅनिक म्हणजे कोण, तर हेच! हे गंभीर चेहरा करून वर जायचे, डबा खायचे आणि खाली येऊन सांगायचे, "बेअरिंगला तेल दिलंय, आता नाही येणार आवाज." आणि खरंच नाही यायचा. लोक कंपनीचं कौतुक करायचे.

ताई अशाच एका इमारतीत दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला बसायची. आवाजाची तक्रार सगळे करायचे, पण जिने चढून वर बघायला गेली ती ही एकटीच. दार ढकललं तर एक काटकुळा, लांब केसांचा माणूस लिफ्टच्या भोकात डोकं घालून, डोळे मिटून गुरगुरत होता. ताई म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" असं यांचं जमलं. आईने कपाळावर हात मारला. मी मात्र पहिल्या दिवसापासून भावोजींच्या बाजूची.

माझा धंदा गाड्यांच्या सीट कव्हरचा. उरलेल्या काळ्या रेक्झिनची मी त्यांना बिनबाह्यांची जाकिटं शिवून द्यायची, वर पितळी रिपिट ठोकून. रेक्झिनमधून वारा जात नाही. कार्यक्रम संपला की जाकीट अंगाला चिकटलेलं असायचं आणि ताई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने ते सोलून काढायचो. "मेहुणीबाई, पुढच्या वेळी एक खिडकी ठेवा याला," भावोजी म्हणायचे. काय हसायचो आम्ही तेव्हा.

बँडचं नाव होतं 'गंज', गिटार लंबूची. त्यांनी एकच कॅसेट काढली. जिथे साबणाच्या आणि टूथपेस्टच्या जाहिराती रेकॉर्ड होतात अशा एका स्टुडिओत. डबे घेऊन आम्ही दोघी बहिणी तिथे गेलो होतो, म्हणून मी हे छातीठोकपणे सांगते. काचेपलीकडे भावोजी उभे होते, गुडघे थोडे वाकवलेले, एक हात पोटावर. त्यांनी आवाज लावला तसा रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने कानावरचे हेडफोन काढले आणि वाकून वायरी तपासायला लागला. त्याला वाटलं, काहीतरी शॉर्ट झालंय. त्याने पुन्हा गायला लावलं, पुन्हा वायरी तपासल्या. तिसऱ्यांदा तो नुसताच काचेतून बघत बसला. कुठलं बटण फिरवलं नाही, काही हळू केलं नाही, काही नाही. तो माणूस आता हयात नाही. कॅसेट थोड्या विकल्या गेल्या आणि बाकीच्या लंबूच्या पलंगाखाली धूळ खात पडल्या.

मग घसा गेला. भाची तेव्हा रांगत होती. एका कार्यक्रमानंतर भावोजी बेसिनमध्ये थुंकले तर लाल. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही या घशाचं केलंत तरी काय?" तसं गाण्याचीही एक रीत असते म्हणे. घसा न दुखवता गुरगुरता येतं, लोक शिकून घेतात. पण यांचा गुरू म्हणजे एक सैल पडलेला रबरी पट्टा. जी गोष्ट माणसाच्या घशाने करायचीच नाही ती यांनी वर्षानुवर्षं केली होती. ऑपरेशन झालं. नंतर जो आवाज उरला, तो नळाला पाणी यायच्या आधी जी हवा येते ना, तसा. बँड बंद पडला. लंबूने वाद्यांचं दुकान टाकलं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करत राहिले.

माझ्या भाचीने बापाचा हाच आवाज ऐकलाय, दुसरा नाही. रात्रीच्या गोष्टीसुद्धा तिने कुजबुजत्या ऐकल्या. त्यात एक गोष्ट तिची फार आवडती होती. बाबा एकदा लिफ्टमध्ये ओरडले आणि सगळी इमारत घाबरून खाली पळाली. ती शाळेत जाऊन सांगायची, माझे बाबा वाघापेक्षा मोठ्यांदा ओरडायचे. पोरं हसली तर त्यांना चिमटे काढायची. भावोजींनी गेलेल्या दिवसांचं काही जपून ठेवलं नाही, केस कापले, जाकिटं कोणाकोणाला देऊन टाकली. पण पोरीचा हा विश्वास मात्र जिवापाड जपला. गावाने विसरावं, लंबूने विसरावं, त्यांना फरक पडत नव्हता. ही एक ओळखते ना, मग झालं.

भाची कॉलेजात गेली आणि मग ते इंटरनेटचं सुरू झालं. परदेशातल्या कोणा वेड्याला 'गंज'ची कॅसेट सापडली आणि त्याने ती सगळ्यांना ऐकायला ठेवली. हजारो लोकांनी ऐकली. एका छोट्या कंपनीने तिची काळी तबकडीही काढली. लोक भांडायला लागले, की असा आवाज माणसाचा असूच शकत नाही. मग कोणीतरी लंबूला शोधून काढलं आणि कॅमेऱ्यासमोर बसवलं.

ती मुलाखत भाचीनेच आम्हाला दाखवली, जेवायच्या टेबलावर, फोन पाण्याच्या जगला टेकवून. लंबू काळी टोपी घालून बसला होता. "आमच्याकडे चांगली साधनं नव्हती," तो सांगत होता, "एक बिघडलेला टेपरेकॉर्डर होता, हळू चालायचा. त्यावरून मला कल्पना सुचली. आमच्या गायकाचा आवाज तसा साधारणच. मी तो रेकॉर्ड केला आणि हळू करून घेतला." मुलाखत घेणारा अक्षरशः टाळ्या वाजवत होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय डोकं आहे, काय जुगाड आहे.

"बाबा, तू हे कधी सांगितलंच नाहीस!" भाची म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता.

"तसं नव्हतं ते," भावोजी कुजबुजले.

"मग लंबूकाका खोटं कशाला बोलेल? आणि बरं, बाबा, मी विचारलं पण आमच्या सरांना. माणसाच्या घशातून एवढा खालचा आवाज निघतच नाही म्हणे."

"निघत होता गं," मी म्हटलं. "मी ऐकलाय."

"मावशी, तेव्हाचे स्पीकर कसे होते!" ती हसली. वाईट मनाने नाही. लहान असताना आपण काय काय खरं मानायचो, असं आठवून माणूस हसतो तसं. भावोजींनी घास खाली ठेवला आणि पाणी प्यायले. ताईने फोन उचलून उलटा ठेवला. त्या रात्री भावोजी पुढे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून लंबूच्या दुकानात घेऊन गेले. हे आपणहून गेले नसते. लंबू गिटारीची तार बदलत होता. मी सरळ विचारलं, "लाज नाही वाटली?"

"वहिनींच्या बहिणीने आधी बसून घ्यावं," तो म्हणाला. मी बसले नाही. मग तो भावोजींकडे वळला. "अरे, मी काय वाईट केलं तुझं? लोक विश्वास ठेवत नव्हते. आता तुला गाऊन दाखवता येतंय का? नाही ना? मग कोण सिद्ध करणार? असं सांगितलं तर निदान आपण हुशार ठरतो. नाहीतर गोष्ट काय उरते? एक लिफ्टवाला होता आणि त्याचा घसा बसला."

"आपण नाही, तू हुशार ठरतोस," मी म्हटलं.

लंबूने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्याच्याकडे दुसरीच बातमी होती. 'गंज'चा पुन्हा कार्यक्रम ठरला होता. गाणार होता एक नवीन मुलगा, पायाखालचं मशीन दाबून आवाज खाली नेणारा. पण एका गाण्याला लोकांना खरा 'पाताळ' हवा होता. "रेकॉर्ड वाजेल, तू फक्त ओठ हलव. पोरं वेडी होतील." मला वाटलं, भावोजी आता उठून जातील. ते म्हणाले, "येतो."

परत येताना मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ओठ नाही हलवणार. गाणार. एकच ओळ. पोरीसमोर."

त्यानंतर ते पुन्हा रियाज करायला लागले. गरम पाण्याची वाफ, मिठाच्या गुळण्या आणि दुपारी लिफ्टची मशीनरूम. ताई माझ्याकडे येऊन रडली. "उरलासुरला आवाजही जाईल गं. तू तरी सांग, माझं ऐकत नाहीत." मी समजवायला म्हणून त्यांच्या कामावर गेले. वरच्या मजल्यावर पोचले तर आतून खोकला, मग शांतता, मग पुन्हा खोकला. आणि मग तो आला. जुना आवाज, तस्साच, माझ्या पायाखालची फरशी हलवणारा. एका श्वासापुरता. मी दाराबाहेर उभी राहून घळाघळा रडले आणि समजावण्याचं राहूनच गेलं. आता वाटतं, ती त्या पोकळीची किमया असेल. तिथे तर चमचा पडला तरी घंटा वाजल्यासारखं होतं.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. मागची एक खुर्ची रिकामी नव्हती. विशी-बाविशीतली पोरं, आणि कित्येकांच्या टीशर्टवर भावोजींचा तरुणपणीचा फोटो छापलेला. भाची पहिल्या रांगेत मैत्रिणींबरोबर. मी आणि ताई तिच्या मागेच. भावोजी स्टेजवर आले, साधा निळा शर्ट घालून, आणि सगळा हॉल "पाताळ, पाताळ" म्हणून छत डोक्यावर घेऊ लागला. एवढे लोक त्यांना आयुष्यात कधी लाभले नव्हते. मला क्षणभर लंबूलाही माफ करावंसं वाटलं.

रेकॉर्ड सुरू झालं. भावोजींनी हात वर केला. माइकमध्ये ती हवा आली, "बंद करा." साउंडवाल्याने गोंधळून बंद केलं. हॉल एकदम शांत झाला. भावोजींनी गुडघे वाकवले, पोटावर हात ठेवला, भाचीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही. म्हणजे आलं, पण काय आलं! तेल न घातलेलं दार करकरावं तसं काहीतरी, बारीक. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा लावला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा जांभळा झाला. ताईने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. तिसऱ्यांदा नुसता खोकला आला.

लंबू लगबगीने पुढे आला, त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि माइकमध्ये म्हणाला, "म्हणून तर मशीन लागलं, मित्रांनो!"

सगळा हॉल हसण्यात बुडाला. हेटाळणी असती तर मी स्टेजवर चढून एखाद्याच्या कानाखाली वाजवली असती. पण ते प्रेमाने हसत होते. उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं, हा ठरवून केलेला विनोद. त्यांच्या पाताळाने स्वतःचीच फिरकी घेतली, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! रेकॉर्ड पुन्हा सुरू झालं. भावोजी तिथेच उभे होते. मग त्यांनी ओठ हलवले. एकेक श्वास, एकेक थांबा अचूक, कारण तो त्यांचाच होता. माझ्या शेजारचा पोरगा मित्राला म्हणाला, "काय भारी ॲक्टिंग करतोय रे!"

नंतर हॉलच्या बाहेर पोरांनी त्यांना गराडा घातला. हातावर सह्या, तबकड्यांवर सह्या, फोटो. गर्दी पांगल्यावर भाची धावत आली आणि तिने बापाला घट्ट मिठी मारली. तिचे डोळे ओले होते.

"बाबा, मला इतका अभिमान वाटला आज तुझा! एवढ्या लोकांसमोर तू स्वतः दाखवून दिलंस, आवाज माझा नव्हता म्हणून. कोण करतं असं? तू बिनधास्त गप्प राहू शकला असतास."

माझं डोकंच फिरलं. "अगं बये, त्यांनी ते दाखवायला नाही केलं! मी ऐकलाय तो आवाज, या कानांनी. तुझ्या आईने ऐकलाय. विचार तिला!"

ताई भावोजींकडे बघत होती.

"मावशी, पुरे ना आता," भाची म्हणाली. "बाबांनीच मान्य केलंय. हो ना बाबा?"

भावोजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पोरगी लहान असताना त्यांच्याकडे अशी बघायची. गेल्या कित्येक वर्षांत बघितली नव्हती. मी मनात म्हटलं, बोला भावोजी, आता तरी बोला.

"हो गं," ते कुजबुजले. "मशीनचाच होता."

भाचीने त्यांचा हात धरला आणि मैत्रिणींशी ओळख करून द्यायला घेऊन गेली.